घरी दोन मॉनिटर, काम ऑफिसच्या मशीनवर: रिमोटमध्ये दोन्ही पडदे कसे वापरायचे? (लॅपटॉप मोकळा ठेवून)

आसोदा_रोड · मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी जळगावला घरी बसून पुण्याच्या एका सीए ऑफिसचं काम करते. तिथल्या माझ्या टेबलावर डेस्कटॉप आहे, विंडोज ११ प्रो, त्याला एकच मॉनिटर. घरी मधोमध लॅपटॉप आणि त्याच्या डाव्या-उजव्या हाताला २२ इंची दोन मॉनिटर आहेत. व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी रस्ता) लावते आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने ऑफिसच्या मशीनवर जाते.

रिमोट एकाच मॉनिटरवर उघडतं, दुसरा रिकामा राहतो. माझं काम जीएसटीचं. २बीची (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी यादीची) एक्सेल एकीकडे आणि खरेदी रजिस्टर दुसरीकडे, समोरासमोर लागतं. १४ तारखेला २बी येतं, २० च्या आत ३बी, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र, भरायचं. मधल्या दिवसांत एकेका पार्टीची दोन-दोनशे बिलं ताडून बघायची असतात. आल्ट-टॅब करत करत आकडा डोक्यात धरून ठेवायचा, तेवढ्यात फोन वाजला की पुन्हा पहिल्यापासून. गेल्या महिन्यात एका बिलाचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) अशानेच सुटलं, ते मला फार लागलं.

'सगळे मॉनिटर वापरा' हा पर्याय टिक करून पाहिला. मग लॅपटॉपचा पडदाही रिमोटने व्यापला. पार्टीचे कॉल, व्हॉट्सअ‍ॅप सगळं माझं लॅपटॉपवर असतं, तो मला मोकळाच हवा. ऑफिसमधले म्हणतात, इथल्या मशीनला एकच मॉनिटर आहे, तुला दोन दिसणारच नाहीत. खरं आहे का हे?

चोपडा_दुकान · मंगळवार, रात्री १०:०५

ताई, एनीडेस्क टाका. मी वडिलांच्या दुकानातलं मशीन त्यानेच बघतो. सोपं आहे.

तापीकाठ · मंगळवार, रात्री ११:२०

ताई, ऑफिसमधल्यांचं म्हणणं बरोबर नाही. कुठे गल्लत होते ते आधी सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

दूरचं मशीन वापरायच्या दोन तऱ्हा आहेत. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांचा मुख्य प्रकार असा की तिकडच्या पडद्यावर जे दिसतंय तेच तुम्हाला दाखवायचं. तिकडे एकच पडदा असेल तर एकच दिसणार, दुसरा आणणार कुठून? चोपड्याच्या भाऊंना दुकानातल्या माणसाला काही समजावून सांगायचं असेल तर तीच तऱ्हा चांगली, दोघांना एकच चित्र दिसतं.

रिमोट डेस्कटॉपचं, म्हणजे आरडीपीचं, तसं नाही. तुम्ही जोडता तेव्हा तुमचा लॅपटॉप तिकडच्या विंडोजला सांगतो की माझ्याकडे पडदे इतके, एवढ्या मापाचे आणि असे मांडलेले. मग तिकडचं विंडोज तेवढे पडदे स्वतःच्या आत उभे करतं आणि त्यावर काम चालवतं. टेबलावरच्या मॉनिटरचा त्यात काहीच संबंध नाही. तो काढून घरी नेला तरी चालेल. खात्री करायची असेल तर तुम्ही जोडलेल्या असताना ऑफिसात कोणाला तरी तुमच्या टेबलाकडे बघायला सांगा. तिथे फक्त लॉक स्क्रीन दिसेल.

मी नेटवर्कच्या नोकरीतून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली. व्हिस्टाच्या काळात आम्ही 'स्पॅन' वापरायचो. दोन मॉनिटर मिळून एकच लांबलचक पडदा व्हायचा, तोही ४०९६ बाय २०४८ च्या आत, आणि मॉनिटर एकसारखे लागायचे. विंडोजला एकच पडदा वाटायचा, त्यामुळे 'सेव्ह करायचं का?' असं विचारणारी चौकट बरोबर दोन मॉनिटरांच्या फटीत यायची, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. खिडकी मोठी केली की दोन्ही मॉनिटरभर पसरायची. २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर 'मल्टिमॉन' आलं तेव्हा प्रत्येक मॉनिटर वेगळा ओळखला जाऊ लागला, १६ पर्यंत. मापं वेगळी असली तरी चालतात. आज तुम्ही टिक करता तो पर्याय हाच.

आता तुमचं काम. तीनपैकी दोनच मॉनिटर द्यायचे आहेत. हे नेहमीच्या खिडकीत मिळत नाही, रिमोटची जोडणी सेव्ह केली की जी फाइल होते तिच्यात लिहावं लागतं.

विंडोज आणि आर दाबा. रनच्या चौकटीत एमएसटीएससी, मग एक स्पेस, मग स्लॅश आणि एल, असं इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करून एंटर करा. छोटी चौकट येईल, त्यात प्रत्येक मॉनिटरचा क्रमांक, माप आणि कंसात चार आकडे असतील. ती चौकट इथे लिहून पाठवा. डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरवर जे मोठे १, २, ३ दिसतात ते आकडे इथे चालत नाहीत, दोन्हींची मोजणी वेगळी असते. निम्मी मंडळी इथेच अडकतात.

आसोदा_रोड · बुधवार, सकाळी ७:१५

काका, किती नीट सांगितलंत. ऑफिसात आता हेच सांगते.

चौकटीत असं आलं:

० : १९२० x १०८०, (०, ०, १९१९, १०७९)
१ : १९२० x १०८०, (-१९२०, ०, -१, १०७९)
२ : १९२० x १०८०, (१९२०, ०, ३८३९, १०७९)

मग मी इंटरनेटवर पाहून फाइलमध्ये १ आणि २ लिहिलं. तरी दोन पडदे आले नाहीत.

तापीकाठ · बुधवार, सकाळी ८:००

चौकटीतच उत्तर आहे ताई. कंसातले चार आकडे म्हणजे डावी, वरची, उजवी आणि खालची कड. तुमचा ० हा लॅपटॉप, तो ० पासून १९१९ पर्यंत. डावा मॉनिटर -१९२० पासून -१ पर्यंत. उजवा १९२० पासून ३८३९ पर्यंत. म्हणजे डाव्या आणि उजव्याच्या मधे लॅपटॉप बसलाय. निवडलेले मॉनिटर एकमेकांना चिकटून असावे लागतात, मधे खड्डा चालत नाही. दोन शेतांच्या मधे तिसऱ्याचं शेत असेल तर सलग नांगर घालता येत नाही, तसं.

टेबलावर काही हलवायचं नाही. डिस्प्ले सेटिंगमध्ये जा. तिथे तीन चौकोन दिसतील. लॅपटॉपचा चौकोन माउसने धरून खाली ओढा आणि डावा-उजवा एकमेकांना भिडवा. लॅपटॉपची वरची कड त्यांच्या खालच्या कडेला, मधोमध चिकटवा. 'अप्लाय' करा. त्याच खिडकीत डावा मॉनिटर मुख्य करा. का ते नंतर सांगतो.

मग पुन्हा स्लॅश एल करून क्रमांक तपासा, कारण ते बदललेले असू शकतात.

आसोदा_रोड · बुधवार, दुपारी १:३०

झालं!! दोन पडदे आले!

पुढच्यांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहिते. रिमोटची खिडकी उघडून 'शो ऑप्शन्स', तिथे ऑफिसच्या मशीनचं नाव घालून 'सेव्ह अ‍ॅज' करून फाइल डेस्कटॉपवर ठेवली. त्या फाइलवर उजवी क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडली. 'यूज मल्टिमॉन' ही ओळ आधीच होती, तिच्या शेवटी शून्य होतं, तिथे १ केलं. तिच्याखाली नवी ओळ टाकली: सिलेक्टेडमॉनिटर्स, कोलन, एस, कोलन, मग क्रमांक. मधे कुठेही स्पेस नाही, अक्षरं आणि आकडे सगळे इंग्रजी. माझे नवे क्रमांक ० आणि २ आले, म्हणून मधे स्वल्पविराम देऊन ते लिहिले. सेव्ह केलं आणि आता रोज त्याच फाइलवर डबल क्लिक करते.

डावीकडे २बी, उजवीकडे रजिस्टर. आज एका बैठकीत ९० बिलं जुळवली. बाहेर ४४ डिग्री, कूलर घोंघावतोय, आणि मला उठावंसं वाटत नव्हतं.

एक विचारू का? ऑफिसातल्या जुन्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एक एंट्रीची चौकट उघडते, पण ती दिसतच नाही. आवाज येतो आणि मागचं सगळं अडून बसतं.

तापीकाठ · बुधवार, दुपारी ४:१०

ती चौकट पडद्याच्या बाहेर उघडतेय. विंडोजमध्ये मुख्य मॉनिटरचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य, शून्य. त्याच्या डावीकडे असलेल्या मॉनिटरचे आकडे उणे होतात. तुमच्या पहिल्या चौकटीत -१९२० आलं होतं ते त्यामुळेच. काही जुन्या सॉफ्टवेअरना उणे आकडे समजत नाहीत, मग ती खिडकी भलतीकडेच टाकतात. डावा मॉनिटर मुख्य करा असं म्हणालो ते यासाठी. सगळ्यात डावीकडचा मुख्य असला की उणे आकडा उरतच नाही. केलं नव्हतं का?

फाइलमधल्या ओळीतही क्रम महत्त्वाचा आहे. पहिला लिहाल तो रिमोटमध्ये मुख्य होतो. तुमचा डावा कोणता, ० की २?

आसोदा_रोड · बुधवार, दुपारी ४:२५

डावा २ आहे. मी ० आधी लिहिला होता. आता २ आधी लिहिला, जोडणी तोडून परत जोडली. चौकट समोर उघडली काका.

धुळे_केबल · बुधवार, रात्री ८:४५

काकांनी मूळ सांगितलंच आहे. मी रोज हेच बसवून देतो, म्हणून काही गोष्टी जोडतो.

तरीही एखादी खिडकी हरवली तर ती निवडून विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा, खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर उडी मारते. रिमोट पूर्ण पडद्यावर असताना विंडोज बटणाचे शॉर्टकट तिकडच्या मशीनला जातात, त्यामुळे हे तिथेही चालतं. पूर्ण पडद्यातून बाहेर यायला कंट्रोल, आल्ट आणि ब्रेक. तिकडे कंट्रोल-आल्ट-डिलीट हवं असेल तर डिलीटऐवजी एंड.

मॉनिटर क्रमांकांबद्दल सावध राहा. केबल काढून लावली, डॉक (लॅपटॉपला मॉनिटर जोडायचा डबा) बदललं, की क्रमांक फिरू शकतात. एक दिवस अचानक रिमोट लॅपटॉपवर आलं तर घाबरू नका, स्लॅश एल करून ओळ दुरुस्त करा. मी लोकांना त्या चौकटीचा फोटो काढून मॉनिटरच्या मागे चिकटवून ठेवायला सांगतो.

आणि एक गोष्ट अगदी हात जोडून सांगतो. ताई व्हीपीएनने जातात ते योग्य आहे. आपल्याकडे बरेच जण राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, थेट इंटरनेटला उघडून ठेवतात, कारण 'चालतंय ना'. जगभरातून रात्रंदिवस त्या पोर्टवर पासवर्ड ठोकून बघणारे प्रोग्राम फिरत असतात. धुळ्याच्या एका दुकानाच्या आठ वर्षांच्या हिशोबाच्या फाइली मी कुलूपबंद झालेल्या पाहिल्यात, मालकाच्या डोळ्यांत पाणी होतं. बॅकअप होता तो त्याच मशीनवर होता. व्हीपीएनशिवाय रिमोट उघडू नका.

चोपडा_दुकान · बुधवार, रात्री ९:१०

मग मी पण आरडीपी लावतो. दुकानात विंडोज ११ होम आहे. रिमोट डेस्कटॉप चालू करायचा पर्याय सापडत नाही.

धुळे_केबल · बुधवार, रात्री ९:३०

होममध्ये तो पर्याय नाहीच भाऊ. होमवरून दुसऱ्या मशीनवर जाता येतं, पण होमवर कोणाला येता येत नाही. दुकानात प्रो करून घ्यावं लागेल. तुमच्या घरचं होम असलं तरी चालेल. एनीडेस्कवरच राहायचं असेल आणि दोन पडदे हवे असतील तर दुकानातल्या मशीनच्या रिकाम्या एचडीएमआयला डमी प्लग लावा. बोटाएवढा असतो. मशीनला वाटतं मॉनिटर लागलाय, आणि दुसरा पडदा तयार होतो.

सराफ_कॅड · गुरुवार, सकाळी ११:००

मी दागिन्यांचं डिझाइन करतो. मोठं मशीन दुकानात, मी घरून. दोन मॉनिटर जमलेत, पण लाल आणि निळ्या बारीक रेषा पुसट दिसतात. काळ्या रेषा छान. मण्यांची जाळी काढताना रेषा कुठे संपते तेच कळत नाही. नेट १०० एमबीपीएसचं आहे.

तापीकाठ · गुरुवार, दुपारी १२:१५

हे नेटचं नाही, रंग पाठवण्याच्या पद्धतीचं आहे. चित्र व्हिडिओसारखं दाबून पाठवताना उजेडाची माहिती पूर्ण जाते आणि रंगाची चार ठिपक्यांना मिळून एकच. सिनेमात डोळ्यांना कळत नाही, बारीक रंगीत रेषेत लगेच कळतं. विंडोज १० आणि सर्व्हर २०१६ पासून प्रत्येक ठिपक्याचा रंग जपणारी एव्हीसी ४४४ पद्धत आहे. दुकानातल्या मशीनवर ग्रुप पॉलिसी (विंडोजच्या आतल्या सेटिंगची खिडकी) उघडा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, सेशन होस्ट, रिमोट सेशन एन्व्हायर्नमेंट. तिथे एच.२६४ आणि एव्हीसी ४४४ ला प्राधान्य द्यायची ओळ आहे, ती चालू करा. त्याच जागी हार्डवेअर ग्राफिक्स कार्ड वापरायची ओळ आहे, तीही करा. नाहीतर कार्ड असूनही रिमोटमध्ये स्वस्थ बसून राहू शकतं.

नवापूर_शिक्षक · गुरुवार, रात्री ८:००

आमच्याकडे नेट मोबाइलचंच, संध्याकाळी हळू होतं. दोन मॉनिटर लावले तर दुप्पट डेटा जाणार ना? म्हणून हिंमत केली नाही.

धुळे_केबल · गुरुवार, रात्री ८:४०

दुप्पट जात नाही सर. हिशोब करून बघा. १९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके, दोन मॉनिटरचे ४१,४७,२००. हे सगळे सेकंदाला ३० वेळा जसेच्या तसे पाठवायचे तर, एका ठिपक्याला ३२ बिट धरून, सेकंदाला ३९८ कोटी बिट लागतील. असं कोणाच्याच नेटवर चालणार नाही. आरडीपी फक्त जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवतं, तोही दाबून. डावीकडे स्थिर एक्सेल उघडी असेल तर तिचा खर्च जवळपास शून्य. खर्च होतो तो जोरात स्क्रोल केलं, व्हिडिओ लावला किंवा खिडकी धरून फिरवली की. फोर के मॉनिटर मात्र टाळा, एका फोर केत चार फुल एचडी मावतात.

चित्र तिकडून निघतं, म्हणून तिकडचा अपलोड वेग बघा. लोक घरचाच डाउनलोड मोजत बसतात. 'एक्सपीरियन्स'च्या टॅबमध्ये वॉलपेपर आणि हलणारे परिणाम बंद करा. वरच्या निळ्या पट्टीत सिग्नलच्या दांड्या असतात, त्यावर क्लिक केलं की जोडणी कशी आहे आणि यूडीपी (पोचपावतीसाठी न थांबता माहिती पाठवायची पद्धत) चालू आहे का ते कळतं. यूडीपी चालू असेल तर अडखळणाऱ्या नेटवर फरक पडतो. व्हीपीएनमध्ये तो अडवला असेल तर ऑफिसला सांगून सोडवून घ्या.

पाचोरा_लिनक्स · गुरुवार, रात्री १०:५०

माझ्यासारखे उबंटूवाले, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स वापरणारे, असतील तर फ्रीआरडीपी या लिनक्सवरच्या आरडीपी प्रोग्राममध्ये हेच मॉनिटर क्रमांक देऊन करता येतं, मी तीन वर्षं वापरतोय. रेमिना या तशाच दुसऱ्या प्रोग्राममध्येही अनेक मॉनिटरचा पर्याय आहे.

आसोदा_रोड · शुक्रवार, रात्री १०:२०

आज काय झालं ते सांगते. दुपारी साडेतीनला लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर राहिला, पण दोन्ही मॉनिटर आणि राउटर बंद. ४०० ओळींची एक्सेल सेव्ह केलेली नव्हती, माझ्या पोटात गोळाच आला. चाळीस मिनिटांनी लाइट आली, फाइलवर डबल क्लिक केलं, तर सगळं जागच्या जागी होतं. कर्सरसुद्धा त्याच खान्यात.

फक्त मधे मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकट्या लॅपटॉपवरून पाच मिनिटं जाऊन आले होते, त्यामुळे सगळ्या खिडक्या एकावर एक झाल्या होत्या. आणि अक्षरं मोठी, धूसर. ते अजून तसंच आहे.

तापीकाठ · शुक्रवार, रात्री १०:४५

जोडणी तुटली म्हणून काम मरत नाही, ते ऑफिसच्या मशीनवर चालूच असतं. म्हणून आपल्यासारख्या लाइट जाणाऱ्या मुलखात मला आरडीपी आवडतं. फक्त तिकडचं मशीन झोपणार नाही असं पॉवर सेटिंगमध्ये करून ठेवा, आणि राउटरला छोटा यूपीएस घ्या.

धूसर अक्षरांचं कारण असं की लॅपटॉपचं स्केलिंग (अक्षरं किती मोठी दाखवायची ते प्रमाण) १५० टक्के असेल आणि मॉनिटरचं १००. चालू असलेल्या सेशनमध्ये माप बदललं की काही जुनी सॉफ्टवेअर जुन्याच मापाची अक्षरं ताणून दाखवतात. काम सेव्ह करा, नुसतं तोडू नका, तिकडे पूर्ण साइन आउट करा आणि दोन मॉनिटर लावलेले असतानाच पुन्हा साइन इन करा.

आसोदा_रोड · शनिवार, सकाळी ९:०५

अक्षरं स्वच्छ झाली. लॅपटॉपचं स्केलिंग १५०च होतं, न बघता ओळखलंत.

काल संध्याकाळी त्या सुटलेल्या बिलाच्या पार्टीला फोन केला. या महिन्यात ते क्रेडिट घेतेय. रजिस्टरमध्ये ती ओळ पिवळी करून ठेवली आहे, उजव्या मॉनिटरवर, समोरच.

चोपडा_दुकान · शनिवार, सकाळी ९:४०

मन्हं बी व्हई गयं भो! दुकानात प्रो केलं, व्हीपीएन धुळ्याच्या भाऊंनी फोनवर सांगून लावून दिलं. वडील म्हणतात, तू तिकडे काम करतो तेव्हा इथल्या मॉनिटरवर काहीच दिसत नाही, मशीन बिघडलं का? त्यांना काकांची वरची पोस्ट वाचून दाखवली.